गावच्या लेखकांची बैठक : इतिवृत्ताच्या पाच वह्या

(नदीकाठच्या एका गावातील ग्रामवाचनालयात दरमहा भरणाऱ्या लेखकांच्या बैठकीला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने भरलेल्या मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आपण मला या मेळाव्याचे निमंत्रण दिलेत तेव्हा मी ते सरकारी अधिकारी म्हणून स्वीकारले. परंतु आज येथे उभा राहताना त्या नात्याने बोलणे मला जमेल असे वाटत नाही. मी याच बैठकीत बसून लिहायला शिकलो. समोरच्या त्या खिडकीखालच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून. पुढे नोकरी लागली आणि लिहिण्याचा प्रकार बदलला. आमच्या खात्याच्या प्रसिद्धिपत्रकात प्रत्येक समारंभ 'मोठ्या उत्साहात' पार पडतो आणि प्रत्येक वक्त्याने 'समयोचित' भाषण केलेले असते. ही भाषा वीस वर्षे लिहिल्यावर माणसाला साधे वाक्य लिहिताना भीती वाटू लागते, हे मी आपल्याला अनुभवाने सांगतो. त्यामुळे आजचे बोलणे समयोचित होईलच, याची हमी मी देत नाही.

भाषणाची तयारी म्हणून मी चिटणीसांकडून बैठकीच्या इतिवृत्ताच्या वह्या मागून घेतल्या. पाच वह्या आहेत. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, दुकानदार उधारीसाठी ठेवतात तशा. पहिल्या वहीतली पहिली नोंद १९७४ सालची आहे. उपस्थिती सात: तीन शिक्षक, एक तलाठी, एक किराणा दुकानदार, आरोग्य केंद्रातील एक परिचारिका आणि बागायतीत काम करणारे एक गृहस्थ. वाचन : एक कथा, दोन कविता. खर्च : चहा व साखर मिळून २ रुपये ४० पैसे. पुढील बैठक दुसऱ्या रविवारी सायंकाळी ६ वाजता. बस्स, एवढेच. उद्घाटन कोणी केले, हार कोणी घातला, याचा उल्लेख नाही. कारण बहुधा उद्घाटन झालेच नसावे.

आजच्या तरुण मंडळींना यात काही विशेष वाटणार नाही. चार माणसे जमली, कोणी काही वाचले, बाकीच्यांनी ऐकले. पण ज्या वर्षी ही नोंद झाली त्याच्या तेराच वर्षे आधी, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, या भूमीत चार माणसांनी सभा म्हणून एकत्र येणे ही साधी गोष्ट नव्हती. सालाझारच्या राजवटीत सभेला परवानगी लागत असे आणि छापावयाचा मजकूर आधी सरकारी डोळ्यांखालून जात असे. त्या वेळी आपल्या गावांत जे वाचन झाले ते पोथीच्या, कीर्तनाच्या आणि जत्रेतील नाटकाच्या आडोशाने झाले. नाटकाच्या तालमीला जमलेली माणसे तालीम संपल्यावर काय वाचीत, हे या गावातील जुनी माणसे मोठ्या चवीने सांगत. हैदराबाद संस्थानातील आपल्या मराठी बांधवांचाही अनुभव याहून फार वेगळा नव्हता. तेथेही निजामी राजवटीत सभासंमेलनांवर परवानगीची बेडी होती आणि वाचनालये व साहित्य परिषद यांच्या आश्रयानेच भाषेचे काम चालले. सांगायचे एवढेच, की बाकावर बसून एकमेकांचे लेखन ऐकण्याचा हा हक्क आपल्या वडीलधाऱ्यांना फुकट मिळालेला नव्हता. पहिल्या वहीत बैठक वेळेवर सुरू झाल्याची नोंद प्रत्येक वेळी इतक्या कटाक्षाने का केलेली आहे, ते मला यावरून समजले.

मराठीत अशा बैठकींची परंपरा जुनी आहे. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याच्या रविकिरण मंडळाचे. १९२३ साली ते स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर अशी मोजकी मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत आणि एकमेकांना कविता ऐकवीत. त्याच वर्षी 'किरण' हा त्यांचा एकत्रित संग्रह निघाला. यांच्यात गर्भश्रीमंत कोणी नव्हते. बहुतेक जण अध्यापन किंवा नोकरी करून पोट भरणारे. दिवाकर तर शाळामास्तर. त्यांनी कविता कागदावरून उचलून गळ्यात आणली. यशवंत आणि गिरीश यांचे काव्यगायन ऐकायला श्रोत्यांनी सभागृहे भरून जात. या मंडळावर टीकाही कमी झाली नाही. हे एकमेकांची पाठ थोपटणारे टोळके आहे असे म्हटले गेले आणि अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्यांच्या कवितेची जी विडंबने केली ती मूळ कवितेइतकीच लोकांच्या तोंडी बसली. ती टीका सर्वस्वी अन्यायाची होती असे मला वाटत नाही. सात-आठ जण दर आठवड्याला एकमेकांचेच ऐकत राहिले, की एकाच्या लकबी दुसऱ्याच्या लेखणीत उतरतात, हे आपल्या वह्यांतही दिसते. १९७८-७९ च्या सुमारास आपल्या बैठकीतील प्रत्येक कवितेत एक सुकलेले झाड येते. कोठून आले कोण जाणे. दोन वर्षांनी ते गेलेही.

परंतु रविकिरण मंडळाची एक गोष्ट आपल्यासारख्या सीमेबाहेरच्या मराठी माणसांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. माधव जूलियन यांचा जन्म १८९४ चा, बडोद्याचा. यशवंत पुढे १९४० साली बडोद्याचे राजकवी झाले. आणि ज्यांना त्या पिढीने गुरुस्थानी मानले ते भा. रा. तांबे यांचे आयुष्य मध्य भारतात गेले; ते ग्वाल्हेरचे राजकवी, पुण्यामुंबईच्या साहित्यव्यवहारापासून शेकडो मैल दूर. त्यांची कविता आपल्यापर्यंत पोहोचली ती इतरांनी ती गोळा केली म्हणून. १९२० साली वा. गो. मायदेव यांनी पहिला संग्रह संपादित केला आणि १९३५ साली समग्र कविता माधव जूलियन यांनी. केशवसुत १९०५ साली गेले. त्यांची कविता पुस्तकरूपाने हरि नारायण आपटे यांच्या परिश्रमाने १९१७ साली आली. बहिणाबाई चौधरी यांना तर लिहितावाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या जे गात ते घरच्यांनी उतरवून ठेवले म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, महाराष्ट्राला त्यांची गाणी मिळाली. ही उदाहरणे मी विद्वत्ता दाखवण्यासाठी सांगत नाही. त्यांच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

आधी बैठकीच्या कामाविषयी. बैठकीत नेमके काय घडते? लेखक घरी एकटा लिहितो तेव्हा त्याला आपले वाक्य डोळ्यांनी दिसते. येथे ते त्याला कानांनी ऐकावे लागते. ज्या वाक्यावर वाचणारा स्वतःच अडखळतो ते वाक्य कच्चे आहे, हे कोणी सांगावे लागत नाही. सातआठ फुलस्केप पाने वाचायला पाव तास सहज लागतो आणि पाव तास माणसांना एका जागी बसवणे किती कठीण आहे, हे लेखकाला चवथ्या पानावरच कळते. दुकानदार घड्याळाकडे पाहतो. परिचारिका पदर सारखा करते. हे छापील समीक्षेत मिळत नाही. आणि समोरची माणसे गावचीच असल्यामुळे त्यांच्यापुढे खोटे टिकत नाही.

पहिल्या वहीत, १९७६ च्या पावसाळ्यातील एका बैठकीचा वृत्तांत फार चांगला उतरला आहे. एका गुरुजींनी दुष्काळावर कथा वाचली. त्या काळी ग्रामीण कथेला मोठा बहर होता, मासिकांतून माणदेश-मराठवाड्याच्या कथा येत, आणि गुरुजींनी त्या धर्तीवर भेगाळलेली काळी जमीन, आटलेली विहीर, हाडे निघालेले बैल असे सर्व काही मनापासून रंगवले होते. वाचन संपल्यावर बागायतीत काम करणाऱ्या त्या गृहस्थांनी विचारले, ''गुरुजी, हा गाव कुठला?'' गुरुजी म्हणाले, ''असाच, कुठलाही.'' त्यावर ते म्हणाले, ''आमच्याकडे पाणी नाही म्हणून माणूस मरत नाही, गुरुजी. आमच्याकडे बांध फुटतो आणि खारे पाणी शेतात येते. ते तुम्ही पाहिले आहे. मग हे कशाला लिहिले?''

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्याकडील खाजन जमिनी म्हणजे खाडीकाठी बांध घालून समुद्राकडून मिळवलेली शेते. बांधात ठिकठिकाणी मानस असते. भरतीला त्याची दारे पाण्याच्या दाबाने मिटतात, पाणी उतरू लागले की उघडतात आणि शेतातले जादा पाणी बाहेर जाते. बांधाकडे एक वर्ष दुर्लक्ष झाले, खेकड्यांनी पाडलेले बीळ वेळीच बुजवले नाही, की एका रात्रीत खारे पाणी आत शिरते आणि पुढची काही वर्षे तेथे भात नीट होत नाही. हे सर्व गुरुजींना ठाऊक होते. त्यांच्या शाळेतील निम्म्या मुलांची घरे त्या बांधावर अवलंबून होती. पुढच्या दोन बैठकींना ते आले, पण काही वाचले नाही. तिसऱ्या बैठकीची नोंद अशी : 'गुरुजींनी बांधावरील कथा वाचली. वाचन ३५ मिनिटे. चर्चा झाली नाही. सर्व जण बराच वेळ बसून होते.' इतिवृत्त कसे लिहावे याचा हा वस्तुपाठ आहे आणि आमच्या खात्यात तो लावावा असे मला मनापासून वाटते.

बैठकीच्या वेळेविषयी एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. पहिली सतरा वर्षे बैठक सायंकाळी ६ वाजता भरे. त्या सतरा वर्षांत परिचारिकाबाई सोडल्यास वाचणाऱ्यांमध्ये एकाही स्त्रीचे नाव नाही. 'महिलांचा प्रतिसाद अल्प' अशी खंत दोनदा नोंदवलेली आहे. १९९१ मध्ये कोणा शहाण्या सभासदाने सुचवले, की संध्याकाळी सहा ही दिवाबत्तीची आणि स्वयंपाकाची वेळ आहे, बैठक दुपारी तीनला घ्यावी. पुढच्याच बैठकीला पाच स्त्रिया आल्या. त्यांच्यापैकी एक आजी निरक्षर होत्या. त्यांनी आपल्या म्हणून ज्या ओव्या म्हटल्या त्या आठवीतल्या एका मुलीने वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहून घेतल्या. अक्षर आता पुसट झाले आहे. तरी वाचता येते.

आता ज्या पानापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो त्याविषयी बोलतो. खरे तर ते पान कोरे आहे.

दुसऱ्या वहीत १९८६ सालच्या सुरुवातीच्या एका बैठकीची नोंद अर्ध्यावर थांबते. शेवटचे वाक्य : 'भाषेच्या प्रश्नावर मतभेद झाल्याने बैठक तहकूब.' नंतर एक पान कोरे. त्यापुढील नोंद १९८९ ची. मधल्या काळात या भूमीत काय झाले ते आपण सर्व जाणता. राजभाषेचे आंदोलन, १९८७ च्या फेब्रुवारीत विधानसभेने संमत केलेले राजभाषा विधेयक, त्याच वर्षी ३० मे रोजी मिळालेला घटक राज्याचा दर्जा. कोकणी राजभाषा झाली. मराठीचा सर्व शासकीय कामकाजात वापर करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आली. मी त्या वेळी पाच-सहा वर्षांचा होतो. घरात वडीलधारी माणसे अचानक कुजबुजत बोलू लागली, एवढेच मला आठवते. त्या प्रश्नाची बाजू मांडण्याचे हे स्थान नव्हे आणि मी त्याला योग्य माणूसही नव्हे. पण त्या कोऱ्या पानाचा अर्थ मी येथील दोन वृद्ध सभासदांना स्वतंत्रपणे विचारला. दोघे त्या वेळी विरुद्ध बाजूंना होते. दोघांनीही मला एकच गोष्ट सांगितली : बारा वर्षे ज्यांच्याशेजारी बसून चहा घेतला त्यांच्या दारावरून जाताना ते तीन वर्षे मान खाली घालून गेले.

विचार करण्यासारखी गोष्ट ही, की बैठकीत पहिल्यापासून दोन्ही भाषांतले लेखन वाचले जात होते. त्यात कोणाला नवल वाटत नसे. बा. भ. बोरकरांनी आयुष्यभर मराठीत कविता केली आणि त्यांच्या कोकणी 'सासाय'ला १९८१ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सावई-वेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाय मराठी कथेत मान्यता पावले आणि पुढच्याच वर्षी तोच पुरस्कार त्यांच्या कोकणी लेखनाला मिळाला. एका माणसाच्या घरात दोन भाषा नांदत होत्या. बैठकीत मात्र त्यांना तीन वर्षे जागा झाली नाही.

१९८९ ची पहिली नोंद ठरावाची आहे. तो ठराव कोणी मांडला त्याचे नाव लिहिलेले नाही, अनुमोदकाचेही नाही, बहुधा जाणूनबुजून. ठराव असा : 'ज्याला ज्या भाषेत लिहावेसे वाटेल त्याने त्या भाषेत वाचावे. चर्चा लेखनावर व्हावी, भाषेवर होऊ नये.' खाली नऊ सह्या आहेत. काही देवनागरी शिक्क्यासारख्या ठसठशीत, दोन रोमन वळणाच्या, एक अंगठा. एवढ्या शब्दांत तीन वर्षांचा अबोला संपला. मी सरकारी ठराव पुष्कळ वाचले आहेत, मसुदेही केले आहेत. इतका नेटका ठराव माझ्या पाहण्यात नाही.

आणि हा ठराव मोडण्याचे काम पुढे माझ्या हातून झाले.

२००२ साल. मी कला शाखेच्या शेवटच्या वर्षात होतो. मराठी घेऊन पदवी मिळवणार, याचा मोठा अभिमान होता. शुद्धलेखनाचे नियम तोंडपाठ होते आणि ते कोणाला तरी सुनावल्याशिवाय चैन पडत नसे. त्या सुमारास फेरीबोटीवर काम करणारे एक गृहस्थ बैठकीला येऊ लागले. पन्नाशीचे. दोर फेकायचा, फळी टाकायची, मोटारसायकली ओळीने लावून घ्यायच्या, हे त्यांचे काम. चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी एक लेख वाचला. इतिवृत्तात शीर्षक आहे : 'रात्रीची शेवटची फेरी'. मला त्यातले आज थोडेच आठवते. पावसाळ्यातली रात्र, पलीकडच्या धक्क्यावर अडलेली एक बाळंतीण, तिच्याबरोबर कंदील घेऊन उभा असलेला म्हातारा, आणि पाणी उतरल्यामुळे गाळात रुतलेली बोट. पुढे काय झाले ते मला आठवत नाही. खरोखर आठवत नाही. कारण मी ऐकत नव्हतो. मी चुका टिपून घेत होतो.

वाचन संपल्यावर मी उठलो आणि जे बोललो ते चिटणीसांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. 'एका सभासदाने असे मत मांडले की, लेखात सुकती हा शब्द वारंवार आला आहे तो अशुद्ध असून त्या ठिकाणी ओहोटी हा शब्द योजावा. तसेच क्रियापदांच्या रूपांत बोलीचा प्रभाव आहे. लेखकाने मान्य केले.'

'लेखकाने मान्य केले.' बंधुभगिनींनो, या तीन शब्दांवरून माझी नजर पुढे सरकेना. तो माणूस तीस वर्षे त्या नदीवर होता. पाणी चढते तेव्हा भरती आणि उतरते तेव्हा सुकती, हे किनाऱ्यावरच्या माणसांच्या पिढ्यान्पिढ्या तोंडी असलेले शब्द. पाणी उतरल्यावर काठ सुकत जातो, गाळ उघडा पडतो. तो शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे उभा राहतो. ओहोटी हा शब्दही चांगलाच आहे, पण तो मी पुस्तकात वाचला होता आणि त्याने सुकती पायांखाली पाहिली होती. आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या पोरासमोर त्याने ते मान्य केले. त्याला माझे म्हणणे पटले असेल, असे मला आज वाटत नाही. मान्य करण्याची त्याला सवय असावी, एवढेच.

ते त्यानंतर दोन बैठकींना आले. उपस्थितीत नाव आहे, वाचनात नाही. मग उपस्थितीतही नाही. नदीवर पूल झाला, फेरी बंद पडली, त्यांची बदली दुसऱ्या धक्क्यावर झाली, असे कानावर आले. काही वर्षांपूर्वी ते वारले. या भाषणाच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी जाऊन आलो. घरच्यांनी माझे स्वागत केले, चहा दिला, ट्रंक उघडून दाखवली. नोकरीचे कागद, विम्याची पावती, देवस्थानच्या वर्गणीची पुस्तके. 'रात्रीची शेवटची फेरी' तेथे नव्हती. ते काही लिहीत असत, हे त्यांच्या मुलीला माहीत होते. काय लिहीत, ते माहीत नव्हते. तिने मला विचारले, ''तुम्ही ऐकले होते ना? त्यात काय होते?'' मी जेवढे आठवले तेवढे सांगितले. बाळंतिणीचे पुढे काय झाले, असे तिने विचारले. ते मला सांगता आले नाही.

म्हणजे आज स्थिती अशी आहे, की त्या लेखावरची माझी टीका सरकारी कागदासारखी जपून ठेवलेली आहे आणि लेख नाहीसा झालेला आहे. पन्नास वर्षांत या खोलीत सुमारे सहाशे बैठका झाल्या असतील. मधली तीन वर्षे वजा करा. प्रत्येक बैठकीत दोनतीन तरी लिखाणे वाचली गेली. पाच वह्यांत त्यांची शीर्षके आहेत, मिनिटे आहेत, चर्चा आहे, चहाचा खर्च आहे. लेखन नाही. बांधावरची ती कथा नाही. परिचारिकाबाईंच्या कविता नाहीत. मधल्या काळात दोन वेळा हस्तलिखित मासिक काढण्याचा ठराव झाला; एकदा तीन अंक निघाले, ते वाळवीने खाल्ले. शिल्लक काय, तर निरक्षर आजींच्या तेवढ्या ओव्या, आठवीतल्या मुलीच्या पेन्सिलीतल्या. तांब्यांना मायदेव मिळाले, बहिणाबाईंना घरची माणसे मिळाली. आपल्याकडे दर महिन्याला चिटणीस होता, वही होती, दौत होती. आपण खर्च लिहिला.

हा दोष मी कोणा चिटणिसाला देत नाही. बैठक लेखनासाठी आहे, दप्तरासाठी नाही, ही त्यांची भूमिका योग्यच होती. परंतु आता मला एक व्यवहाराची सूचना करायची आहे. वाचणाऱ्याने लेखनाच्या दोन प्रती आणाव्यात. एक स्वतःजवळ ठेवावी, दुसरी त्याच दिवशी चिटणिसांकडे द्यावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे वाचन शाळेतल्या मुलांनी उतरवून घ्यावे. हायस्कूलचे मुख्याध्यापक येथे आहेत, त्यांनी मनावर घेतले तर हे काम सहज होईल आणि मुलांचे लेखनही सुधारेल. उतरवून घेताना शब्द बदलू नयेत. हल्ली प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे, त्यावर आवाज टिपता येतो. तेही करावे, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नये, कारण दूरध्वनी दर दोन वर्षांनी बदलतो आणि आतले सगळे त्याच्याबरोबर जाते. कागद वाळवी खाते हे खरे. म्हणून लोखंडी कपाट हवे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक कपाट आहे. त्याचे खालचे दोन कप्पे रिकामे आहेत असे मी आजच सकाळी पाहिले. त्यासाठी अनुदानाचा अर्ज करण्याची गरज नाही. अर्ज केलात तर कपाट येईपर्यंत आणखी एक वही भरेल, हे मी खात्यातला माणूस म्हणून सांगू शकतो.

ज्यांच्या घरी आईवडिलांचे, आजोबांचे असे जुने कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चिटणिसांना दाखवावेत. शीर्षकांची यादी मी पाचही वह्यांतून उतरवून काढली आहे. ती आज दाराशी लावलेली आहे. जाताना प्रत्येकाने आपल्या घराण्यातले नाव तेथे आहे का, ते पाहावे.

अध्यक्ष महाराज, शेवटची एक विनंती. झालेले इतिवृत्त मागाहून बदलता येत नाही, हा नियम मला माहीत आहे आणि तो योग्य आहे. २००२ च्या त्या पानावरचे एक अक्षरही कोणी खोडू नये. पण आजच्या बैठकीचे इतिवृत्त अजून लिहायचे आहे. आपली परवानगी असेल तर त्यात पुढील नोंद व्हावी, आणि ती माझ्या नावानिशी व्हावी : 'रात्रीची शेवटची फेरी या लेखातील सुकती हा शब्द बरोबर होता. तो बदलण्याचे कारण नव्हते. त्या लेखाची प्रत कोणापाशी असल्यास वाचनालयात आणून द्यावी.'